बोलून मेसेज लिहिणं: वडगावच्या शिवणकामाच्या दुकानातला अनुभव

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईतल्यांना पुढचं वाचायला नको. कीबोर्डवरचा माइक दाबून बोलायचं आणि फोननं त्याची अक्षरं करायची, ही सोय मराठीतल्या साध्या वाक्यांना झकास आहे. मापं, पैसे आणि आडनावं यांच्यासाठी तिच्या नादी लागू नका. कन्नडमध्ये मात्र तिनं माझं वर्षानुवर्षं अडलेलं एक काम सोडवलं. त्याला एक अट आहे, ती पुढे सांगते.

माझं ब्लाउज शिवायचं दुकान बेळगावात वडगावला आहे. गेल्या लग्नसराईपासून मी गिऱ्हाइकांचे बहुतेक मेसेज बोलूनच लिहिते. आमची गिऱ्हाइकं तीन तऱ्हेची. एक गावातली आणि आसपासची: येळ्ळूर, अनगोळ, खानापूर. दुसरी कोल्हापूरकडची आणि गोव्याची. बेळगावच्याच शहापुरात साड्या घ्यायला येतात आणि ब्लाउजपीस इथंच टाकून जातात. तिसरी बैलहोंगल, गोकाककडची, ती कन्नड बोलणारी. सगळ्यांना दिवसभर काही ना काही कळवावं लागतं. अस्तर कुठलं घालू, मागचा गळा किती खोल, फॉल-पिको करायचं का, कधी येता. हातात कात्री नाहीतर खडू, आणि फोन कटिंगच्या टेबलावर कापडाखाली कुठंतरी.

पूर्वी मी रोमन अक्षरांत मराठी लिहायची. पोरींना ते चालतं. पण पन्नाशीच्या पुढच्या बायकांना तो मेसेज वाचता यायचा नाही, मग त्या फोन करायच्या आणि माझं मशीन थांबायचं. देवनागरी कीबोर्डवर जोडाक्षर शोधेपर्यंत ब्लाउजला काजं करून होतात. बोलून लिहायला लागल्यापासून मेसेज आपोआप देवनागरीत जातो, आणि त्या बायका आता उलट उत्तर लिहितात. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी ही सोय सोडणार नाही.

गूगलनं ऑगस्ट २०१७ मध्ये आवाजावरून लिहिण्याच्या सोयीत ज्या आठ भारतीय भाषा घातल्या, त्यांत मराठी आणि कन्नड दोन्ही होत्या. हिंदी आधीपासून होती. म्हणजे वस्तू तशी जुनी आहे, आमच्या गल्लीत पोचायला वेळ लागला. मी दोन-तीन कीबोर्ड वापरून पाहिले. कुठला चांगला हे सांगत बसत नाही, कारण कमीजास्त सगळ्यांच्या खोड्या सारख्याच निघाल्या.

आता आवाजाचं. वडगाव-खासबाग म्हणजे यंत्रमागांचा भाग. सकाळी माग सुरू झाले की भिंत हलते. मला वाटलं होतं की इथं हे चालणारच नाही. पण मागाची खटखट एकसारखी असते, ती फोन बऱ्यापैकी गाळतो. त्याला गाळता येत नाही ते दुसऱ्या माणसाचं बोलणं. दुकानात दोघीतिघी बसल्या असल्या की त्यांची वाक्यं माझ्या मेसेजात शिरतात. एका शाळेतल्या बाईंना पाठवायच्या मेसेजात, ब्लाउज तयार आहे, याच्या पुढे ‘चहा सांग की दोन’ असं आलं होतं. पाठवायच्या आधी दिसलं म्हणून बरं. याला उपाय म्हणजे वायरवाला साधा इयरफोन. त्याचा माइक तोंडाजवळ धरला की फरक लगेच कळतो. आणि लाईट गेली की माग बंद पडतात. तेव्हा फोनला माझं सगळ्यात स्वच्छ ऐकू येतं. फक्त त्या वेळी वायफायही गेलेलं असतं, तेव्हा मोबाईलचं नेट चालू ठेवा. माझ्या फोनवर नेट नसलं तर मराठी माइक कामच करत नाही.

चुका कुठल्या होतात? नेहमीच्या बोलण्यातल्या फार कमी. ‘उद्या संध्याकाळी या, एक ब्लाउज राहिलंय’ हे दर वेळी बरोबर येतं. मी ‘वैनी’ म्हणते, फोन ‘वहिनी’ लिहितो, माझ्यापेक्षा शुद्धच. पण आमच्या धंद्यातले शब्द आले की तो घसरतो. अस्तरचं अस्त्र होतं. हूक लावायचे राहिलेत, असं म्हटलं की भूक लागते. गुळेदगुड्डच्या खणाचं ब्लाउज एकदा ‘क्षणाचं ब्लाउज’ झालं. मुंढा (बाही जोडतात तिथला घेर) आणि दंडघेर (दंडाचं माप) हे शब्द तर त्यानं कधी ऐकलेलेच नसावेत, रोज नवीन काहीतरी लिहितो. हे असं का होतं ते कळलं की राग येत नाही. ऐकलेल्या आवाजाशी जुळणारे शब्द बरेच असतात, आणि त्यातून तो ज्या शब्दाचं लिखाण त्याला जास्त शिकवलं गेलंय, तो उचलतो. बातम्यांत अस्त्र येतं, अस्तर कोण छापतं? मी हे शब्द फोनच्या शब्दकोशात घालून पाहिले. हातानं टाइप करताना त्याचा उपयोग झाला, बोलताना जवळजवळ नाही. त्यातल्या त्यात एक युक्ती चालते: शब्द एकटा बोलू नका. नुसतं ‘अस्तर’ म्हटलं तर चुकतं, ‘ब्लाउजला आतून लावायचं अस्तर’ म्हटलं तर बहुतेक वेळा बरोबर येतं.

मापांचं वेगळं सांगायला हवं, कारण तिथं चूक हसण्यावारी नेता येत नाही. आम्ही इंच सव्वा, साडे, पावणेत मोजतो. बाहीची लांबी साडेसात म्हटलं की कधी शब्दांत येतं, कधी आकड्यात, आणि कधी घड्याळाची वेळ असल्यासारखं ७:३० येतं. पावणेचौतीसमधलं ‘पावणे’ बाजूला पडून नुसतं ३४ राहिलं तर छातीच्या मापात पाव इंच वाढला. अस्तराच्या ब्लाउजला पाव इंच म्हणजे काय, हे शिवणाऱ्याला विचारा. म्हणून मापं हातानंच. त्यासाठी फोनच्या शब्दकोशात शॉर्टकट करून ठेवलाय: ‘माप’ एवढं टाइप केलं की छाती, कंबर, शोल्डर, मुंढा, दंडघेर, बाही, पुढचा गळा, मागचा गळा अशी सगळी ओळ येते. पुढे आकडे भरायचे. हे बोलण्यापेक्षा लवकर होतं. शिलाईचा हिशेब आणि ॲडव्हान्सची रक्कमही मी याच पद्धतीनं हातानं लिहिते.

आणखी एक गोष्ट आहे, ती कुठल्या जाहिरातीत नसते. बोलून लिहायचं म्हणजे दुकानातल्या सगळ्यांना ऐकवायचं. टाइप करताना मेसेज आपल्यात आणि गिऱ्हाइकात राहतो. बोलून लिहिताना बाकावर बसलेल्या बाईला कळतं की कुणाची कंबर वाढली, कुणाचे पैसे राहिलेत. उधारीचा मेसेज मी आता बोलून लिहीतच नाही. शिवाय आपण बोललेलं बहुतेक वेळा नेटवरून कंपनीच्या संगणकांकडे जातं आणि अक्षरं होऊन परत येतं, हेही लक्षात ठेवलेलं बरं. नाव आणि माप एकत्र तर मी मुळीच बोलत नाही.

विरामचिन्हांचा त्रास किरकोळ आहे. ती बोलून घालायची सोय इंग्रजीसारख्या मोजक्या भाषांतच आहे, मराठीत ‘पूर्णविराम’ म्हटलं तर तो शब्दच उमटतो. मी सरळ एका वाक्याचा एक मेसेज पाठवते. थांबून विचार केला की माइक बंद पडतो, मग परत दाबायचा. सवय होते.

आता कन्नड. बाजारात, शेजारी, बँकेत मी कन्नड बोलते. शाळा मराठी माध्यमाची, कन्नड एक विषय म्हणून होता, तेव्हा वाचता येतं ते अक्षरावर बोट ठेवून. लिहिणं तर सोडूनच द्या. बैलहोंगलच्या गिऱ्हाइकाला इतकी वर्षं मी फोनच करायची, नाहीतर मोडक्या हिंदीत मेसेज. आता कीबोर्ड कन्नडवर करायचा, कन्नडमध्ये बोलायचं, आणि मेसेज त्यांच्या लिपीत जातो. ‘अक्का, नाळे बर्री’ (ताई, उद्या या) म्हटलं की कन्नड अक्षरं उमटतात. पहिल्यांदा ते बघताना मी दुकानातल्या पोरीला बोलावून दाखवलं होतं.

अट इथं आहे. मराठीत चूक झाली तर मला दिसते. कन्नडमध्ये पटकन दिसत नाही. आणि आमची कन्नड पुस्तकातली नाही. ‘तयार आहे’ याला आम्ही ‘तयार ऐती’ म्हणतो, पुस्तकात ‘ऐती’च्या जागी ‘इदे’ असतं. अशा ठिकाणी फोन गडबडतो, कधी दुसराच शब्द लिहितो. म्हणून लिहिलेला मेसेज फोनलाच वाचून दाखवायला लावायचा. अँड्रॉइडच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये स्क्रीनवरचा मजकूर मोठ्यानं वाचायची सोय आहे. नाहीतर मजकूर कॉपी करून भाषांतराच्या ॲपमध्ये टाकायचा आणि स्पीकरचं चिन्ह दाबायचं. कानाला कन्नड येतं, डोळ्याला येत नाही, तेव्हा कानानं तपासायचं. मी जे बोलले तेच ऐकू आलं तर पाठवायचं. दोन-चार सेकंद जातात, पण कन्नड मेसेज असा ऐकल्याशिवाय पाठवू नका, एवढं नक्की सांगेन.

याचा एक परिणाम मी धरला नव्हता. समोरच्यांना वाटतं मला कन्नड लिहिता-वाचता येतं. मग उत्तर कन्नडमध्ये भरभरून येतं: साडीचा काठ, बहिणीचं लग्न, घरातलं सगळं. तेही मी असंच ऐकून घेते. जी बाई पूर्वी फक्त ‘हां’ एवढंच कळवायची, ती आता आपल्या सुनेची दोन ब्लाउजं घेऊन येते. हे फोनमुळेच झालं असं म्हणणार नाही, पण त्याचा हात आहे.

मिसळलेलं बोलणं मात्र त्याला झेपत नाही. ‘अक्का, नाळे बर्री, आज फिनिशिंग राहिलंय’ असं आम्ही एका दमात बोलतो. कीबोर्ड मराठीवर असेल तर पहिला अर्धा वाया जातो, कन्नडवर असेल तर दुसरा. बेळगावात राहून एक वाक्य एकाच भाषेत बोलायची शिस्त मला या वयात फोननं लावली, हे घरात सांगितलं तर सगळे हसतात. बोलायच्या आधी कीबोर्ड कुठल्या भाषेवर आहे ते बघायची सवय लावून घ्या. स्पेसच्या बटणावर भाषेचं नाव लिहिलेलं असतं.

कुणी विचारेल, एवढा खटाटोप कशाला, सरळ व्हॉइस मेसेज पाठवावा. तो व्हॉट्सॲपवर २०१३ पासून आहे आणि मीही पाठवायची. पण शाळेत, बँकेत बसलेली बाई तो ऐकत नाही. आणि संक्रांतीच्या काळ्या साडीचा गळा काय ठरला होता हे दिवाळीनंतर शोधायचं असलं तर लिहिलेलं सापडतं, बोललेलं सापडत नाही.

उलट बाजूचं दुखणं अजून तसंच आहे. गिऱ्हाइकं मला लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवतात, आणि मशीन चालू असताना ते ऐकायचे कसे? व्हॉइस मेसेजची अक्षरं करून दाखवायची सोय व्हॉट्सॲपनं नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केली, पण तेव्हाच्या यादीत मराठी नव्हती. ती माझ्या फोनवर मराठीत येईपर्यंत माझं उत्तर ठरलेलं आहे, तेही बोलूनच लिहिते: ‘वहिनी, माप लिहून पाठवा.’