जुन्या जावाला इंडिकेटर बसवताना झालेली फसवणूक

वडिलांनी घेतलेली १९६८ सालची जावा मोटारसायकल आजही सांगलीच्या आमच्या घरी चालू स्थितीत आहे. म्हैसूरच्या कारखान्यातून त्या काळी निघालेल्या या गाड्यांना इंडिकेटर नसत. वळायचे असेल तेव्हा हात दाखवायचा, हीच पद्धत मीही पाळत आलो. पण उजवीकडे वळताना ॲक्सिलरेटरचाच हात सोडावा लागतो आणि अंधारात ती खूण मागच्याला दिसतही नाही. विश्रामबागच्या चौकात एका टेम्पोखाली येता येता वाचलो, त्याच आठवड्यात मी इंडिकेटर बसवायचे ठरवले.

जुन्या गाड्यांच्या कामासाठी नावाजलेल्या एका गॅरेजचालकाकडे गाडी नेली. त्याने सांगितले की या गाडीचा डायनामो, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणारे यंत्र, ६ व्होल्ट, ४५ वॅटचा आहे. रात्री हेडलाइट, टेललाइट आणि इग्निशन कॉइल यांतच त्याची ताकद संपते, त्यामुळे चार इंडिकेटरचा भार त्याला पेलणार नाही. हे म्हणणे शंभर टक्के खरे होते, आणि ते खरे असल्यामुळेच त्याच्या पुढच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला. डायनामो काढून १२ व्होल्टचे अल्टरनेटर किट (वीज तयार करणारा नव्या पद्धतीचा संच) बसवावे लागेल, असे सांगून त्याने किट, वायरिंग, फ्लॅशर (दिवे उघडमीट करवणारा भाग) आणि दिवे मिळून २१,५०० रुपये सांगितले. मी ते रोख दिले. बिल मागितले तेव्हा ‘किटचं बिल आलं की एकदमच देतो, साहेब’ असे उत्तर मिळाले.

पंधरा दिवसांनी गाडी ताब्यात आली तेव्हा चारही दिवे एका लयीत छान उघडमीट करत होते. तीन आठवड्यांनी ते मंदावले आणि मग बंद पडले. गॅरेजमध्ये दोन दिवस गाडी ठेवली की पुन्हा सुरू होत, आणि काही आठवड्यांत पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ‘बॅटरी उतरली आहे’ म्हणून माझ्याकडून आणखी १,८०० रुपये घेतले गेले.

शेवटी मिरजेतल्या एका वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांनी इंडिकेटरच्या लाइनवर व्होल्ट मोजायचा मल्टीमीटर लावला आणि मला ॲक्सिलरेटर वाढवायला सांगितले. १२ व्होल्टच्या गाडीत चार्जिंग होत असेल, तर इंजिनाचा वेग वाढल्यावर आकडा साडेतेरा-चौदापर्यंत चढायला हवा. इथे तो ११.६ वरून तसूभरही हलला नाही. मग त्यांनी सीटखालचा बाजूचा डबा उघडला. हत्यारांच्या मागे सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळलेली १२ व्होल्ट, अडीच अँपिअर-तासाची एक लहान सीलबंद बॅटरी होती. तिच्यातून निघालेल्या दोन वायरी थेट इंडिकेटरकडे गेल्या होत्या; तिला चार्ज करणारी वायर कुठेच नव्हती. त्यानंतर इंजिनाचे उजवे झाकण काढले, तर आत वडिलांच्या वेळचाच डायनामो, त्याच्या फिरत्या भागावर घासणारे झिजलेले कार्बन ब्रश आणि त्यांची काळी पूड. अल्टरनेटर किटमध्ये चुंबकाचा रोटर (फिरणारा भाग) असतो आणि ब्रश नसतात, त्यामुळे त्या काळ्या पुडीनंतर शंकेला जागाच उरली नाही. किट बसवलेलेच नव्हते.

हिशेब साधा आहे. एका बाजूचे दहा-दहा वॅटचे दोन बल्ब उघडमीट करताना सरासरी दहा वॅट घेतात, आणि ती बॅटरी पूर्ण भरलेली असताना फार तर तीस वॅट-तास देते, म्हणजे सगळी मिळून तीन तासांची उघडमीट. रोजच्या वळणांना ती दोन-तीन आठवडे पुरते, आणि तोवर ग्राहक समाधानी राहून पैशांचा विषय मिटलेला असतो. म्हणून जुन्या गाडीवर असे काम करून घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की नुसते दिवे लागलेले पाहून पैसे देऊ नका. गाडी चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावायला सांगा, झाकण काढून किट स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, आणि काढलेला जुना डायनामो त्याच वेळी परत मागा. तो देण्याची टाळाटाळ झाली, तर गाडी तिथून हलवण्याआधीच जाब विचारा.

पैशांपेक्षा जास्त मला मडगार्डचे लागले. दिवे क्लॅम्पवर बसवा, पत्र्याला हात लावू नका, असे मी बजावले होते. तरी मागच्या मूळ मडगार्डला दोन भोके पाडली गेली. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या वाहनांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची सोय आहे, आणि त्या नोंदणीसाठीच मी ही गाडी जपत होतो.

गॅरेजचालकाचे आता म्हणणे आहे की किट जळाले म्हणून जुना डायनामो परत बसवला. माझ्याकडे बिल नाही, पण ‘१२ व्होल्ट किटसह २१,५००’ हा त्याचा व्हॉट्सॲपवरचा संदेश आहे, १,८०० रुपयांची यूपीआयची नोंद आहे, आणि डबा व झाकण उघडतानाचे फोटो आहेत. त्यांच्या आधारे १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आहे. मिरजेच्या त्या काकांनी डायनामोला नवे ब्रश घातले आणि ६ व्होल्टचे एलईडी दिवे व त्यांना चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवून दिला. हे दिवे वीज इतकी कमी घेतात की जुना डायनामोही त्यांना पुरतो. नवे दिवे क्लॅम्पवर आहेत. मडगार्डची भोके मात्र तक्रारीचा निकाल लागेपर्यंत मी बुजवणार नाही.