ग्राउंड लूप आयसोलेटर: शिट्टी गेली, पण बेसपण थोडा गेला

अ‍ॅम्प (आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) गाडीत बसवल्यापासून इंजिन चालू केलं की स्पीकरमधून बारीक शिट्टी यायची, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तीपण वर चढायची, म्हणजे अल्टरनेटरचंच (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या भागाचं) काम. अ‍ॅम्पच्या आरसीए केबल (स्टिरिओकडून आवाजाचा सिग्नल आणणाऱ्या) काढून बघितल्या तर एकदम शांत, म्हणजे शिट्टी त्याच वाटेने येत होती, म्हणून हा आयसोलेटर (ती अडवणारी छोटी डबी) त्या केबलच्या मध्ये लावला आणि खरंच २ मिनिटांत शिट्टी गायब! पण आत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात ना, त्यामुळे अगदी खालचा बेस पातळ झाला, सबवूफरवाल्यांना नाही पटणार. मग डोकं चाललं, अ‍ॅम्पच्या ग्राउंडखालचा (गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या निगेटिव्ह वायरखालचा) रंग घासून पत्रा उघडा केला, वायर अर्ध्या मीटरच्या आत आणली, गेनपण (सिग्नल किती वाढवायचा ती सेटिंग) उतरवला... त्यामुळे आयसोलेटरची गरजच उरली नाही, तो आता डिकीत पडलाय. तरी ३ स्टार, वस्तू वाईट नाहीये.