हिकारी लायनहेडचे बुडणारे दाणे, लातूरच्या पाण्यात 6 महिने वापरून

आधीच सांगते, हा रिव्ह्यू गोल्डफिशच्या खाण्याचा आहे पण त्यात पाण्याचंच जास्त येणारय, कारण लातुरात मासे पाळायचे म्हणजे खाद्य चांगलं का वाईट हे मी टाकीतलं पाणी किती दिवस टिकतंय त्यावरूनच ठरवते. आमच्या गल्लीत नळ आठ-दहा दिवसाला येतो. 2016 च्या एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी ह्या घरात नवीनच आलेली, भाज्या धुतलेलं पाणी भांड्याला अन् भांड्याचं संडासात असं चाललेलं, तेव्हापासून पाणी ओतून द्यायचं म्हणलं की हात आखडतो तो आजपर्यंत.

तर टाकी 100 लिटरची, मासे तीनच, सगळे गोल्डफिशचेच प्रकार, दोन लाल टोपीवाले ओरंडा अन् एक ब्लॅक मूर. पोराच्या हट्टापायी आणले, आता तो शाळेत जातो अन् मासे माझ्याकडं.

सुरुवातीला दुकानदारानं (नाव घेत नाही) टाकीसोबत मोकळं खाद्य बांधून दिलं, लाल-हिरवे दाणे, साध्या प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर ना तारीख ना कशापासून बनलंय ते. वरून म्हणला दिवसातून चार वेळा टाका ताई, वाढ लवकर होते. आम्ही टाकत गेलो. मासे तर मागतच राहतात हो, काचेजवळ गेलं की तोंड वर करून उभे, त्यांना बघून वाटतं बिचारे उपाशीच आहेत. त्यात आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, त्यांनी आयुष्यभर देवाला गेल्यावर कुंडातल्या माशांना कणकेच्या गोळ्या टाकलेल्या, तर त्या दुपारी मी झोपले की दोन गोळ्या टाकायच्याच. मायेनंच टाकायच्या, त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण कुंडात केवढं पाणी अन् हे केवढं. कणीक विरघळली की पाणी दुधाळ, दुसऱ्या दिवशी वास. आठवड्यातनं दोनदा अर्धी टाकी बदलायची म्हणजे 100 लिटर, म्हणजे सहा-सात हंडे पाणी आठवड्याला निस्तं माशांना. नळ चुकला की टँकर.

मग एक दिवस मोठा ओरंडा उलटा तरंगायलाय. पोट वर, कल्ले हलायलेत, खाली जायची धडपड करतोय अन् परत वर येतोय. पोरगं रडायला लागलं अन् मलाही काही सुचेना.

त्या दोन-तीन रात्रीत जे वाचलं अन् दुसऱ्या मासेवाल्यांना विचारलं त्यातनं एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, ती म्हणजे गोल्डफिशला आपल्यासारखं जठरच नसतं. हा कार्प जातीचा मासा, दात असतात पण घशात, तिथं चावतो अन् ते थेट आतड्यात. साठवून ठेवायला जागाच नाही, म्हणून तो दिवसभर थोडं थोडं चरणारा प्राणी आहे अन् म्हणूनच सारखा मागतो, त्याचा अर्थ भूक लागली असा नाही. एकदम जास्त टाकलं की अर्धंकच्चं पचून बाहेर पडतं अन् पाण्यात अमोनिया होतो, म्हणजे माशांना विषच. अन् ओरंडा, रांचू, रुकिन असले गोलमटोल मासे, ह्यांचं शरीर माणसानं पैदास करताना आखूड करत करत आणलेलं, आत आतडी अन् हवेची पिशवी सगळं दाटीनं बसलेलं. हे वर तोंड काढून तरंगते दाणे खातात तेव्हा सोबत हवा गिळतात, कोरडा दाणा आत जाऊन फुगतो तो वेगळाच. मासा उलटा व्हायला दुसरीही कारणं असतात, इन्फेक्शन असतं, पाणी खराब असतं, कधी शरीराची ठेवणच तशी असते, त्यामुळं सगळं खाद्यावर ढकलत नाही. पण आमच्याकडं जास्त खाणं, तरंगतं खाणं अन् घाण पाणी तिन्ही एकदम होतं.

दोन दिवस काहीच दिलं नाही, पाणी बदललं, तिसऱ्या दिवशी उकडलेला मटार साल काढून बारीक करून दिला. आठवड्यात मासा सरळ झाला.

मग हे हिकारीचं लायनहेड मागवलं. जपानी कंपनीचं आहे, डोक्यावर मांसल टोपी वाढते त्या माशांसाठी बनवलेलं, पण माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे दाणे बुडतात. टाकले की खाली बसतात, मासे डोकं खाली करून वेचून खातात, त्यांचा मूळ स्वभाव तोच आहे, तळ उकरत खायचा. ब्लॅक मूरला तर फारच फायदा झाला, त्याचे डोळे बाहेर आलेले असतात पण दिसतं कमी, वर तरंगणाऱ्या दाण्यावर दोघे ओरंडा तुटून पडायचे अन् हा मागं राहायचा, आता हा तळाशी वासानं हुंगत हुंगत आपला वाटा खातो. ते बघायला मला इतकं बरं वाटतं की सकाळचा चहा मी टाकीसमोरच घेते.

आता पाण्याचं. सहा महिने झाले, पहिला महिना सोडला तर पाणी ढगाळ झालेलं नाही, दाणा पाच-दहा मिनिटं तसाच राहतो, लगेच पीठ होत नाही. आता आठवड्याला 25-30 लिटर बदलते, दोन हंडे. सहा-सातचे दोन. ह्यात निस्तं दाण्याचं श्रेय नाही, मापही कमी केलं, दिवसातून दोन वेळा, एका माशाला सहा-सात दाणे, दोन मिनिटात संपलं पाहिजे एवढंच. टाकायच्या आधी टाकीतल्याच पाण्यात मिनिटभर भिजवते. अन् एक काम नक्की करा, बुडणारं खाद्य वापरणार असाल तर तळातली रंगीत खडी काढून टाका. दाणे खडीत अडकून सडतात, माझा पहिला महिना ह्याच्यामुळंच वाया गेला. काढलेलं पाणी कढीपत्त्याला अन् तुळशीला जातं, कढीपत्ता असा कधी फुटला नव्हता.

पण एकट्या दाण्यावर मासे ठेवू नका, दाणा कितीही चांगला असो. ह्याला पाला लागतो. मी आठवड्यातनं दोन-तीनदा पालकाचं पान गरम पाण्यातनं काढून काचेला क्लिपनं लावते, कधी काकडीची चकती, हिवाळ्यात मटार स्वस्त झाला की मटार. मीठ-तेल काही नाही. नाल्यातले जिवंत किडे (ट्युबिफेक्स) विकायला असतात ते मी आणत नाही, घाण पाण्यातले असतात, रोग घरात येतो. अन् गोठवलेल्या अळ्या चांगल्या असतात पण आमच्याकडं लाईट गेली की फ्रिज बंद, एकदा वितळलेलं परत गोठवून द्यायची हिंमत होत नाही.

आठवड्यातनं एक दिवस खाणं बंद ठेवावं हे आत्याबाईंना पटवणं लई अवघड गेलं. मुक्या जिवाला उपाशी ठेवायचं का म्हणून त्या दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. मग म्हणलं आत्याबाई तुमचा गुरुवार असतो ना, तोच ह्यांचाही धरू. लगेच तयार झाल्या. आता गुरुवारी कुणी पाव्हणा दाणा टाकायला गेला तर त्याच अडवतात, अन् एरवी पालकाचं पान लावायचं काम त्यांनी स्वतःकडं घेतलंय.

उन्हाळ्याचं सांगायचं राहिलं. मे महिन्यात पारा 42 वर गेला की टाकीतलं पाणीही कोमट होतं, कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो अन् गोल्डफिश मुळात थंड पाण्यातला. तेव्हा मी संध्याकाळचं खाणं निम्मं करते. लाईट गेलेली असेल अन् हवेचा पंप बंद असेल तर अजिबात टाकत नाही, खाल्ल्यावर माशाला ऑक्सिजन जास्त लागतो.

किंमत, मोकळ्या दाण्याच्या चौपट पडली. पण तीन माशांना छोटं पाकीट तीन महिने जातं, अन् टँकरचे पैसे वाचले ते धरले तर मला स्वस्तच पडलं. मोठं पाकीट स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका, एकदा उघडलं की त्यातलं व्हिटॅमिन सी कमी होत जातं अन् आपल्याकडच्या गरमीत तेलाचा वास मारायला लागतो. मी दाणे घट्ट झाकणाच्या बरणीत काढून अंधाऱ्या कपाटात ठेवते, टाकीच्या वर लाईटजवळ ठेवत नाही. रंगाचं विचारणारे विचारतात म्हणून, हो, ओरंडाची टोपी जास्त लाल दिसायलीय, पण तो उजेडाचाही फरक असेल, टाकी खिडकीकडं सरकवलीय.

माझ्याकडनं पाचपैकी साडेचार. अर्धा एवढ्यासाठी कापला की इथल्या गंजगोलाई बाजारात फिरले तरी छोटं पाकीट मिळालं नाही, दर वेळी ऑनलाईन मागवावं लागतं. उदगीर किंवा अंबाजोगाईत कुठं मिळत असेल तर सांगा, दिवाळीला माहेरी जाताना घेऊन येईन.