फ्युएल प्रेशर गेज किट: जुन्या पेट्रोल गाडीचा पंप बदलण्याआधी हे वापरा

जुनी इंजेक्शनची गाडी सकाळी दहा-बारा सेकंद सेल्फ मारल्याशिवाय उठत नसेल किंवा चढावर दम सोडत असेल, तर बहुतेक ठिकाणी आधी पेट्रोलचा पंप बदलला जातो. अनेकदा तो चांगलाच असतो. हे ओळखायला प्लास्टिकच्या पेटीत मिळणारं साधं गेज किट पुरतं: ० ते १० बारचं गेज, नळी, टी-जोड, दाब सोडायचं बटण आणि वेगवेगळ्या आट्यांचे जोड.

जोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. मग थंड इंजिनावर जोड सोडवा. खाली फडकं, जवळ अग्निशामक. रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) टायरसारखा व्हॉल्व्ह असेल तर काम दोन मिनिटांचं, नसेल तर फिल्टरनंतर टी-जोड बसवावा लागतो.

मल्टिपॉइंट गाडीत (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर) साधारण २.५ ते ३ बार दिसायला हवेत. नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. रेलवर दाब आवरणारा रेग्युलेटर असेल तर आयडलिंगवर त्याची व्हॅक्युमची नळी काढा, काटा अंदाजे अर्धा बार चढला पाहिजे. त्या नळीत पेट्रोल ओलं दिसलं तर आतला पडदा फाटला आहे. काळा धूर आणि वाढलेला खप यांचं कारण तिथेच सापडतं.

या किटची खरी किंमत कळते ती इंजिन बंद केल्यावर. काटा लगेच शून्याकडे पडला तर दाब कुठून तरी निसटतो आहे, आणि सकाळी उशिरा स्टार्ट होण्याचं हे नेहमीचं कारण. पुन्हा दाब भरा, पंप थांबताच रिटर्नची (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी) रबरी नळी दाबून धरा. काटा टिकला तर दोष रेग्युलेटरचा. नाही टिकला तर पुन्हा दाब भरून पंपाकडून येणारी नळी दाबा. आता टिकला तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप, गेला. दोन्ही बंद असूनही काटा उतरत असेल तर इंजेक्टर ठिबकतो आहे. नायलॉनची किंवा कडक झालेली नळी मात्र कधीही चिमटू नका, ती तडकते. म्हणून ज्या किटच्या टी-जोडाला बंद-चालू व्हॉल्व्ह आहे तेच घ्यावं. हा मुद्दा आम्ही सोडणार नाही.

गेज दाब सांगतं, प्रवाह नाही. तुंबलेल्या फिल्टरसोबत आयडलिंगवर काटा अगदी बरोबर असतो आणि लोड पडल्यावर कोसळतो, म्हणून नळी बॉनेटबाहेर काढून गेज काचेवर वायपरखाली दाबा आणि गाडी रस्त्यावर नेऊन पाहा. दाब कमी दिसला तरी आधी पंप चालू असताना त्याच्या प्लगवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी असेल तर रिले, वायर किंवा अर्थिंग तपासा. टाकीचं झाकण सैल केल्यावर गाडी सुधारली तर हवेची वाट बंद आहे.

कार्बोरेटरच्या गाडीला हे किट निरुपयोगी आहे. तिथे दाब ०.२ ते ०.४ बार, आणि १० बारच्या गेजवर काटा जेमतेम हलतो. ० ते १ बारचं वेगळं गेज घ्या. कॉमन रेल डिझेलच्या उच्च दाबाच्या बाजूला तर हे चुकूनही लावू नका. तिथला दाब हजार बारच्या पुढे जातो.

उणिवा दोन. सोबतचे पत्र्याचे क्लॅम्प नळी कापतात, त्याऐवजी गुळगुळीत कडेचे इंजेक्शन क्लॅम्प वापरा. दाब सोडायच्या बटणाची ओ-रिंग पेट्रोलने फुगून गळू लागते. ती व्हायटॉनची (पेट्रोलला टिकणाऱ्या रबराची) बसवा, आणि प्रत्येक वेळी इंजिन सुरू करण्याआधी फक्त पंप चालवून सगळे जोड कोरडे आहेत ना ते बघा.