डॅट स्कॅन की डॉक्टरांची तपासणी आणि लेव्होडोपा? बाबांच्या वेळी आम्ही दोन्ही केलं

घरात कुणाला पार्किन्सन्सची शंका आलीये आणि आधी डॅट स्कॅन (मेंदूत डोपामाइन, म्हणजे हालचालींसाठी लागणारं रसायन, वापरणारी यंत्रणा कशी आहे ते दाखवणारा) करावा की न्यूरोलॉजिस्टकडून नीट तपासून लेव्होडोपा, म्हणजे डोपामाइनची कमी भरून काढणारी गोळी, सुरू करून बघावी अशा पेचात असाल तर आमचा अनुभव सांगतो. एमआरआय यात धरत नाही, तो बहुतेकांना सांगतातच आणि पार्किन्सन्समध्ये तो सहसा नॉर्मलच येतो, त्याचा उपयोग बाकीची कारणं बाजूला काढायला.

बाबांचा उजवा हात नुसतं बसलं की थरथरायचा, चालताना तोच हात हलायचा नाही, अक्षर बारीक होत गेलेलं. वास येणं तर कितीतरी वर्षं आधीच गेलं होतं, झोपेत ओरडायचे, हातपाय झाडायचे, पण या सगळ्याचा एकमेकांशी संबंध असेल हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

आम्हाला पक्का पुरावा हवा होता म्हणून आधी स्कॅन केला. इंजेक्शननंतर काही तास थांबायचं आणि मग अर्धा-पाऊण तास डोकं स्थिर ठेवून पडायचं, कंप असलेल्या माणसाला ते फार जड जातं. तेही चाललं असतं. मला खरा त्रास झाला तो रिपोर्टचा. निरोगी माणसात स्वल्पविरामासारखा दिसणारा भाग बाबांच्यात टिंबासारखा झाला होता, म्हणजे डोपामाइन कमी पडतंय, पण कशामुळे? पार्किन्सन्स आणि त्याच्यासारखेच दिसणारे एमएसए (मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी), पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी) हे दुसरे आजार, तिन्हींत स्कॅन असाच बिघडलेला येतो आणि तिघांचं पुढचं आयुष्य मात्र खूप वेगळं असतं. इतके दिवस वाट बघून आईचा पहिला प्रश्न, नक्की आजार कोणता, होता तिथेच राहिला.

उत्तराकडे नेलं ते दुसऱ्या डॉक्टरांनी, त्यांनी बाबांना अंगठ्यावर तर्जनी भराभर आपटायला लावली आणि ती हालचाल दर वेळी लहान होत जाताना आम्हालाही दिसली, मग चालवलं, वळवलं, कोपर हलवून ताठरपणा बघितला, डोळे वर-खाली फिरवायला सांगितले, झोपून आणि उभं राहून बीपी घेतलं, चालू गोळ्यांची यादी मागितली. मग लेव्होडोपा, थोड्या डोसपासून हळूहळू वाढवत. काही आठवड्यांनी बाबांनी शर्टाची बटणं स्वतः लावली, आई दारात उभी राहून बघत होती. माझ्यासाठी निकाल तिथे लागला.

अर्थात हे आमच्या घरापुरतं. गोळीने मळमळ होते, बीपी उतरू शकतं, नुसता कंप कधीकधी ऐकत नाही आणि एमएसएमध्येही सुरुवातीला फरक पडलेला दिसू शकतो, त्यामुळे डॉक्टर पुढेही तपासत राहतात. इसेन्शियल ट्रेमर (पार्किन्सन्स नसलेला, हात थरथरण्याचा वेगळा आजार) आहे की पार्किन्सन्स असा घोळ असेल, किंवा मेटोक्लोप्रमाइड, सिनारिझिन, फ्लुनारिझिन अशा (उलटी, चक्कर, मायग्रेनवरच्या) औषधांनी लक्षणं आल्याची शंका असेल तर स्कॅन खरंच कामाचा, कारण त्या दोन्हींत तो सहसा नॉर्मल येतो. पण लक्षणं बाबांसारखी स्पष्ट असतील तर मी तरी आधी हालचालींच्या आजारांचा अनुभव असलेला न्यूरोलॉजिस्ट शोधेन, आणि जाताना घरी काढलेले चालण्याचे, बटणं लावण्याचे व्हिडिओ नेईन, दवाखान्यात बाबांचा हात बरेचदा शांत असायचा.