४ टीबी हार्ड ड्राइव्ह: २६ महिने वापरली, वॉरंटीत दिली, बदलून आलेली ४ महिने वापरतोय

कंपनीचं नाव लिहीत नाहीये, एका पीसवरून अख्ख्या कंपनीला शिव्या घालण्यात अर्थ नाही. साडेतीन इंची, ४ टीबी, पुण्यात टिळक रोडवरच्या दुकानातून साडेआठ हजाराला घेतलेली, ३ वर्षं वॉरंटी. विंडोज ३.६३ टीबी दाखवतं, ती फसवणूक नाही, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ने, एवढंच. आत घरचे फोटो, भाच्याच्या मुंजीचा व्हिडिओ, सगळ्यांच्या कागदपत्रांचे स्कॅन, आणि मुख्य म्हणजे आजीच्या ओव्यांच्या कॅसेटी, ज्या मी लॉकडाऊनमध्ये टेपला वायर लावून कॉम्प्युटरवर घेतल्या होत्या.

दोन वर्षं काही तक्रार नाही. मग एक दिवस फोटोंचा फोल्डर उघडायला अर्धा मिनिट लागायला लागला, मधेच सगळं गोठायचं, आणि कान दिला तर आतून टक टक. मला वाटलं केबल ढिली असेल, बदलली, फरक शून्य. भाचा म्हणाला, मामा आधी क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून बघ, ड्राइव्हची तब्येत सांगतं ते. टाकलं तर पिवळा रंग आणि कॉशन. सी५च्या पुढे ३८ आणि ०५च्या पुढे १०. म्हणलं चला, ३८च सेक्टर (डेटा ठेवायचे बारके कप्पे) गेलेत, कोट्यवधी असतात. तो हसायलाच लागला, ते आकडे हेक्साडेसिमलमधे, दहाऐवजी सोळाच्या हिशोबाने असतात, म्हणजे ३८ म्हणजे ५६ आणि १० म्हणजे १६. चार दिवसांनी ३८चा ७० झाला, म्हणजे ११२. तेव्हा मात्र पोटात गोळा आला.

सी५ म्हणजे पेंडिंग, ड्राइव्हला वाचता आले नाहीत आणि अजून निकाल लागलेला नाही असे सेक्टर. त्यांच्यावर परत लिहिता आलं तर ते यादीतून सुटतात, नाही आलं तर राखीव कोट्यातला सेक्टर त्यांच्या जागी येतो आणि ०५चा आकडा वाढतो. केबलचा लोचा असता तर सी७ वाढला असता, तो शून्य होता. म्हणजे दुखणं आतलंच.

पहिलं काम कॉपी. त्यासाठी दुसरी ड्राइव्ह घ्यावीच लागली, म्हणजे वॉरंटी असून खिशाला चाट बसलीच. विंडोजमधून कॉपी एकेका फाइलवर तासतासभर अडायची, शेवटी भाच्याने पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून डीडीरेस्क्यू लावलं. ते आधी धडधाकट भाग उचलतं, खराब तुकडे शेवटी चावत बसतं, आणि कुठवर आलो त्याची नोंद ठेवतं. ही नोंद किती कामाची ते गुरुवारी कळलं, कारण गुरुवारी आमच्याकडे लाइट जाणार हे मी साफ विसरलो होतो. लाइट आल्यावर जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू. शेवटी २३ फाइली अर्धवट राहिल्या, बाकी सगळं आलं.

आता खरा प्रश्न, परत द्यायची का नाही. मी तर निघालोच होतो, पण बायको म्हणाली, साडेआठ हजारासाठी आपली आधार, पॅन, बाबांचे रिपोर्ट कुणाच्या तरी टेबलावर ठेवून येणार आहेस का? बरोबर होतं तिचं. हातोडा घातला तर वॉरंटी गेली, तसंच दिलं तर डेटा गेला, म्हणून अख्खी ड्राइव्ह शून्यांनी भरायची ठरवलं. चांगल्या ड्राइव्हला सात-आठ तास लागतात, हिने दोन रात्री घेतल्या. पण यात एक मेख आहे. सगळीकडे परत लिहिलं की पेंडिंगचा आकडा पुसला जातो, आणि सर्व्हिस सेंटरवाला म्हणू शकतो की ड्राइव्ह ठीक आहे, घेऊन जा. म्हणून पुसायच्या आधी स्क्रीनशॉट काढले आणि एक्स्टेंडेड सेल्फ टेस्ट (ड्राइव्ह स्वतःच स्वतःची करते ती लांबलचक तपासणी) लावून ती फेल करून घेतली, तो निकाल ड्राइव्हच्या आतल्या लॉगमधे नोंदला जातो. पुसून झाल्यावर सी५ शून्य, ०५ मात्र ९८, म्हणजे १५२. बाजूला टाकलेल्या त्या सेक्टरांत जुनं काही राहिलं असेल तर ते आपल्याला पुसता येत नाही. मी हिशोब करून बायकोला सांगितलं, एक सेक्टर ४ केबीचा धरला तरी सगळे मिळून जेमतेम ६०० केबी. ती म्हणाली, आधार कार्डाचा स्कॅन मावतो त्यात.

तरी दिली. पहिल्या दिवसापासून बिटलॉकर, म्हणजे डेटाला पासवर्डचं कुलूप घालणारी विंडोजची सोय, लावलं असतं तर यातलं काहीच करावं लागलं नसतं, कॉपीसाठी घेतलेली आणि बदलून आलेली, दोन्हींना आता लावलंय.

सर्व्हिस सेंटरला बिल काढलं तर कोरा कागद, त्या गुळगुळीत कागदावरची छपाई उडून जाते. नशीब घेतलं त्याच दिवशी फोटो काढून ठेवला होता. आणि तो लागलाच, कारण सिरियल नंबरवरून त्यांच्याकडे वॉरंटी चार महिने आधीच सुरू झालेली दिसत होती, बिल दाखवल्यावर तारीख दुरुस्त केली. तिथल्या पोराने ड्राइव्ह उलटीपालटी करून पोचा, जळल्याचा डाग, लेबल सगळं बघितलं, डेटाची जबाबदारी आमची नाही या ओळीखाली सही घेतली आणि मशीनला लावली. फेल. जीव भांड्यात पडला.

बारा दिवसांनी बदलून मिळाली, पण नवी नाही, रिसर्टिफाइड, म्हणजे वापरलेली, तपासून परत दिलेली, आणि वॉरंटी जुनीचीच उरलेली १० महिने. नव्याचे पैसे घेऊन वापरलेली हातात ठेवतात हे मला पटलेलं नाही, नियमात बसतं म्हणे. पॉवर ऑन अवर्स, म्हणजे आजवर किती तास चालली तो आकडा, शून्य दाखवत होती, त्यावर माझा काडीचा विश्वास नाही. एकुलती एक कॉपी हिच्यावर ठेवणार नाही, पण दुसरी कॉपी म्हणून झकास, आवाज पहिलीपेक्षा कमी, चार महिन्यांत ०५ आणि सी५ दोन्ही शून्य. पाचपैकी साडेतीन.

त्या २३ फाइलींतल्या २२ फालतू होत्या. तेविसावी आजीची, अकराव्या मिनिटाला ओवी मधेच तुटते. कॅसेट अजून कपाटात आहे, टेपचा बेल्ट मात्र वितळून चिकट झालाय. शनिवारी बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी बघून येतो मिळतो का.