बिल्डर की आपण स्वतः? आमचं गॅलरीवरून ठरलं

पुनर्विकास करायचाय यावर सोसायटीत एकमत आहे, घोडं अडलंय ते बिल्डरला द्यायचा की स्वयंपुनर्विकास करायचा, म्हणजे बिल्डरशिवाय सोसायटीनेच इमारत बांधून घ्यायची, यावर, अशांसाठी हे लिहितोय. ठाण्यातल्या किसननगरसारख्या क्लस्टरमधल्या, म्हणजे अनेक इमारतींचा एकत्र पुनर्विकास होतो तिथल्या, मंडळींचं गणित वेगळं. आमची नौपाड्यातली सोळा घरांची इमारत, एवढाच माझा अनुभव.

बिल्डर सोपा पडतो, हे आधीच कबूल करतो. भाडं, कॉर्पस (सभासदांना मिळणारी एकरकमी रक्कम), पालिकेतले हेलपाटे, सगळं त्याच्या डोक्यावर. फक्त सहकार कायद्याच्या कलम ७९ (अ)च्या नियमांप्रमाणे प्रकल्प खर्चाच्या २० टक्क्यांची बँक गॅरंटी हातात पडल्याशिवाय पेढे वाटू नका.

आमचं बिनसलं ते गॅलरीवरून. बिल्डरच्या नकाशात स्वयंपाकघरामागची गॅलरीच गायब. ती आत ओढून कार्पेट वाढवून दाखवलेलं. "कपडे कुठे वाळत घालायचे?" दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं. "साहेबांना विचारून सांगतो," बिल्डरचा माणूस म्हणाला. पुढच्या सभेला नकाशा तोच, तारीख नवी. तिसऱ्या वेळी तर तारीखसुद्धा तीच! कुणाला क्षुल्लक वाटेल, माझं मन मात्र तिथेच उडालं.

मग आर्किटेक्ट आम्हीच नेमला. गच्चीवर सतरंजीवर नकाशा पसरला, चारी कोपऱ्यांवर चहाचे कप, आणि काकूंनी स्वतः पेनाने रेघ मारली. अडीच फुटांची गॅलरी मिळाली. एरवी सभेत तोंड न उघडणारी माणसं त्या दिवशी जिन्याच्या रुंदीवरून भांडत होती.

फुकट काहीच मिळालं नाही. दोन वर्षांचे रविवार गेले, कर्जाचं टेन्शन होतं, ताबा आठ महिने उशिरा आला आणि भाडं तोवर खिशातून. १३ सप्टेंबर २०१९च्या शासन निर्णयातल्या १० टक्के जादा एफएसआयचा (प्लॉटवर किती बांधता येतं त्या प्रमाणाचा) आधार आहे, पण इमारत तीस वर्षांची झालेली हवी. संमती ५१ टक्के सभासदांची पुरते म्हणतात. कर्जाच्या कागदांवर सह्या करायची वेळ आली की उरलेले ४९ टक्के आठवतात. हिशेब ठेवणारी चार-पाच माणसं सोसायटीत नसतील, तर बिल्डरच बरा, असंही म्हणेन.

तरी करारापूर्वी एक करून बघा. बिल्डरला नकाशातली एखादी खिडकी फूटभर सरकवायला सांगा, आणि उत्तर यायला किती दिवस लागतात ते मोजा.